डिंभे जलाशय

पुणे जिल्ह्याच्या आंबेगाव तालुक्यात घोड नदीवर डिंभे येथे बांधलेल्या धरणामुळे निर्माण झालेला जलाशय. तालुक्याचे मुख्य ठिकाण घोडेगाव याच्या पश्चिमेस, सह्याद्रीच्या दऱ्यांत तो पसरला आहे. त्यास हुतात्मा बाबू गेनू सागर असे नाव देण्यात आले असून, १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत परदेशी कापडाची मालमोटार अडविताना प्राणार्पण करणारे बाबू गेनू हे याच तालुक्यातील महाळुंगे पडवळ गावचे होत. धरणाची उंची सु. ६७ मी., लांबी सु. ८५२ मी. व जलाशयाचा एकूण साठा सु. ३८ कोटी घ. मी. (सु. १३·५ अब्ज घ. फूट) आहे. पायथ्याशी ५ मेगॅवॉट क्षमतेचे जलविद्युत् केंद्र आहे.

घोड, मीना व कुकडी या नद्या सह्याद्रीच्या माथ्यालगत उगम पावून पूर्वेस वाहतात. घाटमाथ्यावर विपुल पाऊस पडतो. परंतु पूर्वेकडील शिरूर, पारनेर, श्रीगोंदे, कर्जत व करमाळा हे तालुके पर्जन्यछायेत येत असल्याने तेथे अवर्षण वरचेवर पडे. पश्चिमेचे पाणी साठवून कालव्यांनी पूर्वेस नेणे, हा कुकडी प्रकल्पाचा हेतू होय. त्यातील पाच धरणांपैकी डिंभे वगळता येडगाव (१९७७), वडज (१९८३), माणिकडोह (१९८४) व पिंपळगाव जोगे ही धरणे जुन्नर तालुक्यात आहेत. डिंभे धरण २००० मध्ये पूर्ण झाले.

येडगावहून निघणारा कुकडी डावा कालवा सु. २४९ किमी. लांबीचा असून तो पुणे, अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) व सोलापूर या जिल्ह्यांतील क्षेत्रास पाणी देतो. तथापि येडगावचा उपयुक्त साठा तीन अब्ज घ. फुटांहूनही कमी आहे. एवढ्या साठ्यावर हा कालवा चालणे शक्य नसल्याने वरच्या धरणांतील पाणी येडगावात आणावे लागते. डिंभे धरणाचा सु. ५५ किमी. लांबीचा डावा कालवा आंबेगाव व जुन्नर तालुक्यांतून जाऊन याच जलाशयास मिळतो. त्यामुळे डिंभे हे दूरच्या शेतीचेही मुख्य साठवणस्थान ठरले. उजवा कालवा धरणाखालील भागास पाणी पुरवितो.

ज्या गावावरून तालुक्यास नाव मिळाले, ते घोड नदीकाठचे जुने आंबेगाव या जलाशयात बुडाले. खोऱ्यातील रहिवासी मुख्यत्वे महादेव कोळी असून कातकरी वस्त्याही होत्या. नदीकाठच्या भातखाचरांवर, उतारावरील नाचणी-वरईवर व रानातील हिरड्यावर त्यांची उपजीविका चाले. यांपैकी सर्वांत कसदार असलेली खाचरेच पाण्याखाली गेली. प्रकल्पबाधितांच्या पुनर्वसनाचा कायदा राज्यात १९७६ मध्ये झाला आणि पुढे १९८६ व १९९९ मध्ये नवे कायदे करण्यात आले. त्यांनुसार लाभक्षेत्रात पर्यायी जमीन देण्याची तरतूद होती. काही कुटुंबे तिकडे गेली. अनेक कुटुंबे मात्र परिचित रान व गणगोत न सोडता वरच्या उतारांवर राहिली. तेथेही मोकळी जमीन थोडी होती. लगतच्या वनांपैकी बराच भाग १९८५ मध्ये घोषित झालेल्या भीमाशंकर अभयारण्यात समाविष्ट झाला.

कालव्याचे पाणी उताराने वाहत असल्याने धरणाच्या वरच्या बाजूस राहिलेल्यांना त्याचा लाभ मिळू शकत नाही. रब्बी व उन्हाळी आवर्तनांमुळे जलाशय ओसरू लागला, की काठची ओली जमीन उघडी पडते. या गाळपेर जमिनीवर, उपशाचे पाणी देऊन, पिके घेण्याची पद्धत येथे रूढ झाली. जमीन संपादित झालेली असल्याने पूर्वीच्या मालकांनाही ती शासनाकडून मुदतीने मिळवावी लागते. जलाशयातील मासेमारीसाठी आदिवासींनी सहकारी संस्था स्थापन केली आणि उतारांवर बांध घालून खाचरे तयार करण्याच्या ‘पडकई’ या परंपरागत पद्धतीस रोजगार हमीच्या कामांत स्थान मिळविले. या कार्यास साहाय्य करणाऱ्या ‘शाश्वत’ या संस्थेस २०१२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला.

काठच्या शेतकऱ्यास जमीन उघडी पडण्यासाठी पाणी ओसरावयास हवे, आणि तीच भिजविण्यासाठी ते उन्हाळ्यापर्यंत टिकावयासही हवे. पूर्वेकडील शेतकऱ्यास मात्र आवर्तन अधिक मिळावे असे वाटते. डिंभे जलाशयाचे पाणी बोगद्याने माणिकडोह जलाशयात नेण्याच्या प्रस्तावास आंबेगाव व जुन्नर भागांतून झालेला विरोध आणि कालव्याच्या टोकाकडील तालुक्यांनी त्याचा धरलेला आग्रह, यांतून हाच प्रश्न पुढे आला. लाभक्षेत्राची आखणी प्रकल्पाबरोबरच झाली होती. बुडीत क्षेत्रातील लोकांना मात्र पाण्यावरील आपला हक्क धरण पूर्ण झाल्यानंतर मागावा लागला.