मतदान नसलेल्यांचे मत : केसकर, रेडिओ सिलोन आणि बिनाका गीतमाला

स्वतंत्र भारताची पहिली सार्वत्रिक निवडणूक १९५२ च्या फेब्रुवारीत संपली. सुमारे सतरा कोटी लोकांना मताचा अधिकार मिळाला होता. त्यांत बहुसंख्य निरक्षर होते. तरीही सरकार कोणाचे असावे हे त्यांनीच ठरवावे, असे घटनेने मानले होते. त्याच वर्षी त्याच सरकारला मात्र एका बाबतीत जनतेच्या निवडीवर विश्वास ठेवणे अवघड वाटू लागले. ती बाब म्हणजे गाणे.

१९५२ मध्ये डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर माहिती व नभोवाणी मंत्री झाले आणि १९६२ पर्यंत त्या पदावर राहिले. काशी विद्यापीठ आणि पॅरिस येथे शिकलेले, शास्त्रीय संगीताचे जाणकार असलेले हे मराठी गृहस्थ. चित्रपटसंगीतातील पाश्चात्त्य ठेका आणि उथळ शब्द यांमुळे तरुणांची अभिरुची बिघडते, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. ऑल इंडिया रेडिओवर चित्रपटगीतांना एकूण वेळेच्या दहा टक्क्यांची मर्यादा घालण्यात आली, गाणी तपासून घेण्याची पद्धत आली. शिवाय गाणे लावताना चित्रपटाचे नाव सांगायचे नाही, कारण ती फुकटची जाहिरात ठरते, असाही नियम झाला. गायकाचे नाव तेवढे सांगायचे.

निर्मात्यांना नेमके हेच झोंबले. चित्रपटाचे नावच ऐकू येणार नसेल तर गाणे रेडिओला द्यायचे कशासाठी? त्यांनी प्रक्षेपणाचे परवाने मागे घेतले. दहा टक्क्यांचे धोरण काही महिन्यांतच जवळपास शून्यावर आले.

या प्रकाराचे सगळे खापर एकट्या केसकरांवर फोडणे मात्र योग्य नव्हे. श्रोत्याने काय ऐकावे हे वरून ठरवण्याची सवय नभोवाणीला इंग्रजी अमदानीपासूनच होती. १९४० मध्ये हार्मोनियमला रेडिओवर बंदी झाली, ती सुमारे तीन दशके टिकली. महाराष्ट्रात संगीत नाटकापासून कीर्तनापर्यंत जिच्यावाचून पान हलत नव्हते, ती पेटी सरकारी स्टुडिओत अस्पृश्य ठरली होती. चित्रपटगृहांतही निराळी स्थिती नव्हती. मुख्य चित्रपटाआधी फिल्म्स डिव्हिजनचा माहितीपट दाखवणे थिएटरमालकांवर बंधनकारक होते. प्रेक्षकाला तो आवडला की नाही, हे विचारण्याची सोय त्या व्यवस्थेत नव्हती.

गाण्याच्या बाबतीत प्रेक्षकाला पळवाट सापडली. ती समुद्रापलीकडे होती.

दुसऱ्या महायुद्धात आग्नेय आशियातील दोस्त राष्ट्रांच्या फौजांसाठी सिलोनमध्ये एक सामर्थ्यशाली लघुलहरी प्रक्षेपक उभारण्यात आला होता. युद्ध संपले, फौजा परतल्या, यंत्रणा सिलोनच्या हाती आली. ३० सप्टेंबर १९५० रोजी रेडिओ सिलोनने व्यापारी सेवा सुरू केली. क्लिफर्ड डॉड हे ऑस्ट्रेलियन अधिकारी तिचे प्रमुख. ऑल इंडिया रेडिओ जाहिराती घेत नसे. सिलोन घेत असे. सैनिकांचे मनोरंजन करण्यासाठी बांधलेला तो प्रक्षेपक भारताच्या कानाकोपऱ्यापर्यंत सहज पोहोचत होता. साबण, चहा आणि टूथपेस्ट विकणाऱ्या कंपन्यांना याहून अधिक काय हवे होते?

बुधवार, ३ डिसेंबर १९५२. रात्री आठ वाजता कोलंबोहून ‘बिनाका गीतमाला’चा पहिला कार्यक्रम ऐकू आला. कार्यक्रम बोलका झाला तो मुंबईत. ध्वनिमुद्रित फिती विमानाने कोलंबोला जात आणि तेथून लहरींवर स्वार होऊन पुन्हा भारतात येत. एका टूथपेस्टच्या जाहिरातीसाठी आखलेला हा अर्ध्या तासाचा कार्यक्रम होता. सात गाणी कोणत्याही क्रमाने वाजवायची. श्रोत्यांनी त्यांचा लोकप्रियतेचा क्रम लावून पाठवायचा. ज्याचा क्रम बरोबर येईल त्याला शंभर रुपयांचे बक्षीस.

निवेदन, लेखन, पत्रांची छाननी, सगळे काम करण्यासाठी आठवड्याला पंचवीस रुपये मिळणार होते. इतक्या पैशांत अनुभवी माणूस तयार होईना, म्हणून थोरले बंधू हमीद सयानी यांनी काम धाकट्या भावावर सोपवले. अमीन सयानींचा जन्म २१ डिसेंबर १९३२ चा. पहिला कार्यक्रम झाला तेव्हा त्यांना विसावे वर्षही पूर्ण झालेले नव्हते. त्या काळी मतदानाचे किमान वय एकवीस होते, म्हणजे देशाच्या पहिल्या निवडणुकीत मत देण्याचा अधिकार या निवेदकाला नव्हता. त्याच्या श्रोत्यांपैकी असंख्य मुलामुलींनाही तो नव्हता.

सयानींनी पुढे अनेकदा सांगितल्याप्रमाणे पहिल्याच कार्यक्रमाला नऊ हजार पत्रे आली. वर्षभरात हा आकडा आठवड्याला पासष्ट हजारांवर गेला.

त्या काळी रेडिओ संच महाग होता, त्याला टपाल खात्यात पैसे भरून परवाना काढावा लागे. त्यामुळे ऐकणे सामुदायिक होते. बुधवारी संध्याकाळी हॉटेलांत आणि पानाच्या दुकानांपुढे घोळके जमत. ऐकता ऐकता वाद होत, पैजा लागत. अमुक गायिकेचा आवाज कसा, तमुक संगीतकाराने यंदा कसे निराश केले, हे गाणे वर का आणि ते खाली का, अशी ही सगळी सहज, बेफिकीर, दुसऱ्या दिवशी बदलू शकणारी मते. संगीताच्या इतिहासात अशा मतांची नोंद सहसा राहत नाही. दरबारी आश्रयाची राहते, गुरुपरंपरेची राहते, समीक्षकाच्या लेखाची राहते. चहाचा पेला हातात धरून उच्चारलेल्या मताची कोण ठेवणार? गीतमालेने ते मत पोस्टकार्डावर उतरवायला लावले आणि मोजले. एवढ्या मोठ्या प्रमाणावर सामान्य श्रोत्याची पसंती मोजली जाणे, ही भारतात नवी गोष्ट होती.

भाषेचा भागही लहान नव्हता. सयानींच्या मातोश्री कुलसुम सयानी गांधीजींच्या प्रेरणेने ‘रहबर’ नावाचे पत्र काढत. सोपी हिंदुस्थानी भाषा, पण लिप्या तीन : देवनागरी, उर्दू आणि गुजराती. त्या पत्राच्या कामात वाढलेल्या मुलाच्या तोंडी संस्कृतप्रचुर हिंदी येणे शक्यच नव्हते. सरकारी बातम्यांची हिंदी जड होत चालल्याच्या तक्रारी होत असताना कोलंबोहून येणारा हा आवाज शेजारच्या मुलासारखा बोलत होता. श्रोत्यांना हाक मारताना तो बहिणींना आधी आणि भावांना नंतर संबोधी.

पत्रांचा पूर इतका वाढला की मोजणे अशक्य झाले. मग स्पर्धा बंद करून गीतमाला गाण्यांच्या क्रमवारीत बदलली. गाणी ‘पायदान’ चढू-उतरू लागली, अग्रस्थानच्या गाण्याला बिगुलाची सलामी मिळू लागली. क्रम ठरवण्यासाठी तबकड्यांच्या दुकानांतील विक्रीचे आकडे मागवले जात. पण दुकानातून तबकडी विकत घेणारा आणि रस्त्यावर उभा राहून ऐकणारा, हे दोन वेगळे श्रोते होते. पैसेवाल्याचे मत जड आणि फुकट ऐकणाऱ्याचे हलके, असा हा हिशेब होता. पुढे गावोगावच्या रेडिओ श्रोता संघांची मतेही धरण्यात येऊ लागली.

या संघांच्या आणि फर्माइशींच्या काळात एका गावाचे नाव देशभर झाले : झुमरी तलैया. तेव्हाच्या बिहारमधील, आता झारखंडातील कोडरमा जिल्ह्यातले हे अभ्रकाच्या व्यापाराचे गाव. तेथील शौकिनांनी पत्रांचा असा सपाटा लावला की हे गाव खरोखर अस्तित्वात आहे की निवेदकांनीच कल्पिले आहे, अशी शंका लोक घेऊ लागले. अभ्रकाच्या खाणींमुळे गावात पैसा खेळत होता आणि नावांची यादी निवेदकाच्या तोंडून ऐकण्याची हौस होती. चार वाक्यांच्या पत्रामुळे आपले गाव देशाच्या कानावर पडते, हा अनुभव लहान गावाला दिल्लीने कधी दिलेला नव्हता.

या गोष्टीत केसकरांना केवळ खलनायक ठरवणे सोपे आहे, म्हणूनच टाळायला हवे. संस्थाने विलीन झाल्यावर शास्त्रीय कलावंतांचा आश्रय तुटला होता. तो नभोवाणीने सावरला. १९५२ मध्ये संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, १९५४ मध्ये रेडिओ संगीत संमेलन. ज्या घरात मैफिलीचे आमंत्रण कधी आले नसते, तेथे मोठमोठ्या गायक-वादकांचे सूर पोहोचले. अर्थात येथेही चाळणी होतीच. कलावंतांच्या ध्वनिचाचण्या आणि प्रतवारी सुरू झाली तेव्हा नावाजलेले लोकही दुखावले. शिवाय मुस्लिम राजवटीत आणि घराण्यांच्या गुप्ततेत हिंदुस्थानी संगीताचा ऱ्हास झाला, हे केसकरांचे मत आज वाचताना खटकते, आणि खटकायलाच हवे. ज्या उस्तादांनी ते संगीत जिवंत ठेवले, त्यांच्याच पदरात हा दोष टाकला जात होता.

चित्रपटगीताला पर्याय म्हणून नभोवाणीने स्वतःची सुगम गीते निर्माण करण्याचे ठरवले. बहुतेक ठिकाणी त्या प्रयत्नांची कोणाला आठवणही नाही. पुण्यात मात्र निराळे घडले. २ ऑक्टोबर १९५३ रोजी सुरू झालेल्या पुणे केंद्रावरून १ एप्रिल १९५५ च्या रामनवमीला ‘गीतरामायण’ सुरू झाले. दर आठवड्याला एक गीत. त्या वर्षी अधिक मास आल्याने संख्या छप्पन्न झाली आणि १९ एप्रिल १९५६ च्या रामनवमीला मालिका संपली. लोकांनी ती डोक्यावर घेतली. सरकारी केंद्रावरचे गाणे श्रोत्यांना आवडतच नाही, हा समज तिने एका वर्षात खोटा ठरवला.

पण या यशाचे श्रेय सरकारी अभिरुचीला देताना एक अडचण येते. कवी ग. दि. माडगूळकर आणि संगीतकार सुधीर फडके हे दोघेही चित्रपटसृष्टीतच घडलेले. आणि मौज अशी की ‘पहली तारीख’ या १९५४ च्या हिंदी चित्रपटासाठी फडक्यांनी केलेले, किशोरकुमारांनी गायिलेले पगाराच्या दिवसाचे गाणे रेडिओ सिलोन दर महिन्याच्या एक तारखेला सकाळी आवर्जून वाजवत असे. पुण्याच्या लहरीवर राम आणि कोलंबोच्या लहरीवर पगार. चाल देणारा माणूस एकच. ‘उच्च’ आणि ‘उथळ’ यांच्यामध्ये मंत्रालयाने ओढलेली रेषा कलावंतांच्या घरातून अशी मधोमध जात होती.

श्रोत्यांनी तर ती कधी मानलीच नाही. दहा घरांपैकी नऊ घरांत रेडिओ सिलोन लावलेले असते आणि दहाव्या घरातला रेडिओ बिघडलेला असतो, असा विनोद तेव्हा प्रचलित होता. १९५३ च्या गीतमालेच्या वार्षिक यादीत अग्रस्थानी आलेले गाणे ‘अनारकली’ चित्रपटातील, लता मंगेशकरांच्या आवाजातले. त्या चित्रपटाच्या संगीतात मोठा वाटा सी. रामचंद्रांचा, म्हणजे पुणतांब्यात जन्मलेल्या रामचंद्र चितळकरांचा. मराठी मंत्री ज्या गाण्यांना दारातून परत पाठवत होता, त्यांतली कितीतरी मराठी माणसांचीच होती.

अखेर सरकार झुकले. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी ‘विविध भारती’ सुरू झाली. पंडित नरेंद्र शर्मा यांनी तिची आखणी केली. नाव भारदस्त होते. आशय मुख्यतः चित्रपटगीतांचा. हे घडले तेव्हा मंत्री केसकरच होते, हे विसरू नये. पाच वर्षांत आलेल्या त्या पोस्टकार्डांनी जे केले, ते कोणत्याही संसदीय प्रश्नाने केले नसते. पुढे श्रोत्यांची नावे वाचून गाणी लावणे ही नभोवाणीचीच ओळख झाली. मुंबई केंद्रावरच्या ‘आपली आवड’ने मराठी श्रोत्यांच्या किती पिढ्यांना स्वतःचे नाव रेडिओवर ऐकण्याची वाट पाहायला लावली! १९६७ मध्ये जाहिरातीही आल्या, त्याही प्रथम मुंबई, पुणे आणि नागपूर येथून.

गीतमालेचाही एक दोष सांगायला हवा. तिने मत मोजले, कारण विचारले नाही. एखादे गाणे मुलीला का आवडले, कोणत्या दुःखात किंवा कोणत्या खोडकरपणात आवडले, हे क्रमांकात उतरत नाही. जी उत्तम गाणी पायदानावर चढली नाहीत, ती अपयशी समजली गेली. लाखो पत्रे आली, मोजली गेली, वाचून हातावेगळी झाली. उरल्या त्या याद्या, आणि त्या याद्यांवर आजही तावातावाने वाद घालणारे शौकीन.

मार्च १९८९ मध्ये एकसष्टावी घटनादुरुस्ती अमलात आली आणि मतदानाचे वय एकविसावरून अठरावर आले. त्याच वर्षी गीतमाला रेडिओ सिलोन सोडून विविध भारतीवर आली, म्हणजे ज्या सरकारी नभोवाणीने तिला जन्म घ्यायला भाग पाडले होते तिच्याच घरी. तेथे ती १९९४ पर्यंत चालली. निवेदक तोच होता.