खुंट्यावरचा दुसरा हात

आधी मोबाइल बाजूला ठेवा. चष्मा असेल तर तोही काढा, तिथे तो मिळणार नाही. आता मनानेच पुण्यातल्या कर्वे रस्त्यावर उभे राहा. डोक्यावर मेट्रो, सिग्नलला खोळंबलेल्या दुचाक्या, कानात हॉर्न. यातलं एकेक पुसत जाऊ. आधी मेट्रोचे खांब, मग इमारती, मग डांबर. उरते ती शेताच्या बांधावरून गेलेली चिखलाची वाट. तिच्या टोकाला हिंगणे नावाचं खेडं आहे. आपल्याला तिथे पोचायचंय.

पण थेट जाता येणार नाही. आपण निघू कोकणातून, हर्णै बंदराच्या वरच्या अंगाला असलेल्या एका गावातून. विसावं शतक नुकतंच लागलंय. निघण्याआधी तुमचं वय सतरा करावं लागेल. तुम्ही पुरुष असाल तरी हरकत नाही. आज तुम्ही सतरा वर्षांची मुलगी आहात. नवव्या वर्षी लग्न झालं, बाराव्या वर्षी नवरा तापानं गेला. त्याचा चेहरा नीटसा आठवत नाही. आठवतात त्याच्या हातातल्या चिंचा.

आणि एक सांगायचं राहिलं. इथून पुढे तुम्हाला कोणी अहो-जाहो करणार नाही. मीही नाही.

ऊठ.

अजून काळोख आहे. घोंगडीची लोकर गालाला टोचतेय. माजघरातून चाचपडत जा, उंबऱ्याला ठेच लागू देऊ नकोस, जाऊबाईंचं तान्हं उठेल. कोपऱ्यात जातं आहे. त्याच्या पलीकडे आत्याबाई आधीच येऊन बसल्यात. दिसत नाहीत, पण तुळशीच्या मुळांचा, ओल्या आलवणाचा आणि म्हाताऱ्या अंगाचा मिळून एक वास येतो, त्यावरून कळतं. त्या तुझ्या सासऱ्यांच्या बहीण. साठी उलटलेली, आणि त्यातली पन्नासेक वर्षं याच कोपऱ्यात गेलेली. तुझा हात खुंट्यावर पडतो, त्याच्या वर त्यांचा. दोघींनी जोर लावला की दगड हलतो. आधी घरघर, मग लय सापडली की नुसता एक जाडसर हुंकार. कोमट पिठाचा वास नाकात भरतो. पीठ पापण्यांवर बसतं. दंडातून कळ निघते ती पाठीत जाऊन थांबते.

आत्याबाई दळताना ओव्या म्हणत नाहीत. पूर्वी म्हणायच्या म्हणे.

उजाडलं की सडा, शेणगोठा, विहीर. सोवळ्यातल्या पाण्याची घागर वेगळी, ओवळ्याची वेगळी, आणि तू दोन्हींच्या मधे कुठेतरी. अंगणात रातांबे फोडून टाकलेत; त्यांच्या लाल रसानं बोटं चिकट झालीत आणि त्यावर माशा बसतात. परसातून पिकल्या फणसाचा वास घरभर शिरलाय. वैशाख आहे, घाम मानेवरून पाठीत उतरतो. तुझ्या डोक्यावर केस नाहीत, त्यामुळे ऊन थेट टाळूला चावतं. पदर पुढे ओढ. आणखी पुढे.

केसांचं सांगायलाच हवं. गोठ्यामागे पाटावर बसायचं. न्हावी बोलत नाही, तूही बोलत नाहीस. पाण्याचा हबका, मग वस्तऱ्याचं गार पातं कपाळापासून मागे सरकत जातं, आणि कानाजवळ आलं की तू श्वास धरतेस. पहिल्या वेळी तू इतकी ओरडली होतीस की सासूबाई घरात जाऊन कानांत बोटं घालून बसल्या. आता ओरडत नाहीस. झालं की थंड पाण्याची आंघोळ, तीही थंडीत.

दुपारी एकदा जेवण. तेच दिवसाचं. संध्याकाळी घरातल्यांची पानं वाढताना कुळथाच्या पिठल्याची वाफ तुझ्या तोंडावर येते आणि पोटात काहीतरी पीळ घालून उठतं. तू तोंड फिरवतेस. इतक्या सरावानं फिरवतेस की आता तोंड आपसूकच फिरतं.

या घरात तुझ्यावर कोणी हात उगारत नाही. मामंजी रोज पहाटे रुद्र म्हणतात, भिक्षेकऱ्याला कधी रिकाम्या हाती पाठवत नाहीत, तू आजारी पडलीस तेव्हा रात्री दापोलीहून त्यांनीच औषध आणलं. आणि त्याच मामंजींना मनापासून वाटतं की तुझी सावली मुंजीच्या मांडवात पडली तर त्या मुलाचं वाईट होईल. मला या घराची भीती वाटते ती याचसाठी. दुष्टांच्या घरातून पळता येतं. इथे तर तुलाही ते खरं वाटतं. मुंजीच्या दिवशी तू स्वतःच्या पायांनी कोठीत जाऊन बसलीस. दार तूच लावून घेतलंस.

मग दादा आला.

तुझा दादा पुण्याला फर्ग्युसन कॉलेजात शिकतो. ओटीवर बसून त्यानं मामंजींना सांगितलं की आई अंथरुणाला खिळलीय, हिला पंधरा दिवस माहेरी नेतो. मामंजींनी पंचांग पाहिलं, हो म्हणाले. रात्री विहिरीवर त्यानं तुला खरं सांगितलं: आई बरी आहे. आपण पुण्याला जायचंय. तुला शिकायचंय.

त्याला गणित शिकवणाऱ्या प्रोफेसरांचं नाव त्यानं घेतलं आणि तुझ्या हातातला पोहरा निसटून विहिरीत पडला. कर्वे. या पट्ट्यात हे नाव ओटीवर मोठ्यानं कोणी घेत नाही. त्यांचं गाव मुरूड, इथून लांब नाही. त्यांनी १८९३ साली एका विधवेशी लग्न केलं तेव्हा त्यांच्या स्वतःच्या गावानं ठराव केला होता: त्यांच्याबरोबर एका बिछायतीवर कोणी बसायचं नाही, सख्ख्या भावानं त्यांना घरात उतरवून घेतलं तर त्याच्यावरही बहिष्कार. लहानपणी तू हे ऐकलंस ते देवी-पटकीच्या साथीबद्दल ऐकावं तसं.

निघायच्या पहाटेही तू दळलंस. अर्धी पायली तांदूळ. आत्याबाईंनी विचारलं, "परत कधी येशील?" आणि उत्तराची वाट न पाहता पुढची मूठ जात्याच्या तोंडात टाकली. बाहेर गाडीच्या बैलांनी घुंगरं हलवली. तू खुंट्यावरचा हात काढलास. दगड थांबला नाही, पण त्याचा आवाज बदलला. जड झाला, अडखळायला लागला. गाडी पाणंदीत शिरेपर्यंत तो आवाज तुला ऐकू येत होता. त्यानंतरही येत होता, पण तो खरा नसावा.

हर्णै. आधी नाकाला कळतं, मग डोळ्यांना. वाळत घातलेल्या मासळीचा वास इतका दाट की तू पदराचा बोळा नाकाशी धरतेस. समोर समुद्रात सुवर्णदुर्ग, आणि त्याच्या अलीकडे उभी काळी आगबोट, धूर सोडत. पाऊस लागला की हिचं येणं बंद, म्हणून किनाऱ्यावर झुंबड उडालीय. आंब्यांच्या करंड्या, कोंबड्यांची खुराडी, वळकट्या, रडणारी पोरं, गोणपाट, शिव्या. होडी वाळूला लागत नाही. खारवी लोकांना खांद्यावर घेऊन होडीत नेऊन ठेवतायत. एकजण तुझ्यापुढे वाकून उभा राहतो. तुझे पाय जागचे हलत नाहीत. परपुरुषाचा खांदा! मग तू दादाचं मनगट धरतेस आणि सरळ पाण्यात शिरतेस. गुडघे, मांड्या, कंबर. जन्मभर समुद्राच्या आवाजात झोपलेली तू आज पहिल्यांदा समुद्रात उभी आहेस. आलवण फुगून वर येतं. पायाखालची वाळू सरकते. तुला हसू येतं, आणि ते हसू आवरायला हात तोंडाशी जातो.

बोटीवर बसायला जागा म्हणजे डेकवरची वीतभर फळी. कोळशाची कणी डोळ्यांत, तेलकट दोरांचा वास, शेजारच्या बाईची ओकारी. गवतात गुंडाळलेल्या हापूसचा गोडवा या सगळ्यातून मधेच वर येतो. दादानं दुधात भिजवलेल्या दशम्या आणल्यात, प्रवासात चालणाऱ्या. आणि फिरकीचा तांब्या भरून घरच्या विहिरीचं पाणी. दशमी तू खातेस. पाणी जपून पितेस. पण वैशाख आहे, डेकचं लोखंड तापलंय. मुंबईचे दिवे दिसायच्या आत तांब्या रिता झाला.

भाऊच्या धक्क्यावर माणसांचा लोंढा तुला उचलून बाहेर टाकतो. घोड्यांची लीद, गॅसच्या दिव्यांचा पिवळा उजेड, ट्रामची घंटा. कोण कोणाला शिवलं याचा हिशेब तू पहिल्या पन्नास पावलांपर्यंत ठेवलास, मग तो चुकला. बोरीबंदरच्या स्टेशनात एवढं उंच छप्पर की त्याखाली तुझा गाव मावेल. जीभ टाळूला चिकटलीय. कोपऱ्यात नळ आहे.

नळाच्या पाण्याबद्दल मामंजी काय म्हणतात ते तुला पाठ आहे. तोटीत चामड्याची चकती असते. ते पाणी पिणं म्हणजे धर्म बुडवणं. दादा काही बोलत नाही, नुसता बाजूला उभा राहतो. तू नळाकडे पाहतेस. थेंब पडतो. पुन्हा एक पडतो. तू ओंजळ धरतेस.

पाणी कोमट आहे, त्याला लोखंडाची चव आहे. तू पितेस, पितच राहतेस, कोपरांवरून ओघळ वाहतात. मग भिंतीला टेकून वाट पाहतेस. काहीतरी होईल याची. भोवळ येईल, वीज पडेल, पोटात कळ उठेल. गाडीची शिटी होते. दादा म्हणतो, "चल, जागा मिळायची नाही."

रात्रभर थर्डक्लासचं लाकूड पाठीला रुततं. घाटात गाडी धापा टाकते, बोगद्यात धूर आत शिरतो आणि सगळा डबा एकदम खोकतो. खंडाळ्याला खिडकीतून गार वारा आला तेव्हा तू पदर थोडा मागे सारलास. टाळूवर वारा. पहाटे तुझे डोळे आपोआप उघडले, जात्याच्या वेळेला.

पुणे स्टेशनवरून टांगा, लकडी पूल, नदीपलीकडे एरंडवण्याची शेतं, आणि मग टांगेवाला म्हणतो की पुढे चाक जायचं नाही. रात्री वळवाची सर येऊन गेलीय. चिखल घोट्यापर्यंत. हेच ते, मघाशी आपण पुसून काढलेलं. दोन्ही बाजूंना ज्वारीची धसकटं, निवडुंग, ओल्या मातीचा वास.

आश्रम म्हणजे तुला देवळासारखं काहीतरी वाटलं होतं. समोर आहे मातीच्या भिंतींची, गवतानं शाकारलेली झोपडी. १८९६ साली कर्व्यांनी पुण्यात अनाथ बालिकाश्रम सुरू केला. शहरात प्लेग फिरून फिरून यायला लागला तेव्हा, १९०० साली, त्यांनी मुलींना इथे माळावर आणलं. कॉलेज सुटलं की ते शहरातून रोज चालत येतात, बरोबर जिन्नस घेऊन, आणि सकाळी परत चालत जातात. संध्याकाळी बांधावरून येणारा तो किडकिडीत, दाढीवाला माणूस पाहून तू आडोशाला होतेस. ज्याच्या नावानं तुझा पोहरा विहिरीत पडला, तो माणूस वाकून पायांचा चिखल धुतोय.

इथे पुनर्विवाहाचं कोणी बोलत नाही. तशी अटच आहे, नाहीतर एकाही बापानं मुलगी धाडली नसती. पार्वतीबाई आठवले इथे दिसतात, कर्व्यांच्या पत्नीची बहीण, तुझ्यासारखंच आलवण, तुझ्यासारखंच मुंडन. पंचविशी उलटल्यावर अक्षरं गिरवायला बसलेल्या या बाई पुढे आश्रमासाठी अमेरिकेपर्यंत जाणार आहेत. आज त्या तुला पाटाकडे बोट दाखवतात, "बस, जेवून घे." दिवस मावळलाय. दुपारचं तुझं जेवण झालंय. समोर आमटी-भाताची वाफ, आणि तुझं तोंड फिरतं. आपसूक. पार्वतीबाई आग्रह करत नाहीत, पानही उचलत नाहीत. तिसऱ्या संध्याकाळी तू चार घास खाल्लेस. आठव्या दिवशी पोटभर.

वहीत नाव घालायचं होतं तेव्हा तू सासरचं सांगितलंस, मग थांबलीस, म्हणालीस, खोडा. माहेरचं सांगितलंस. आठ वर्षांत ते कोणी उच्चारलं नव्हतं, तुझ्याच कानाला ते परकं लागलं. कोणतं नाव, ते तुझं तू ठरव.

डोक्यावर आता केसांचे कोंब आलेत, तांदळाच्या दाण्याएवढे. झोपताना तू त्यांच्यावरून तळहात फिरवतेस. उलटा फिरवला की टोचतात. न्हाव्याला बोलावू का, असं कोणी विचारत नाही. बोलावू नकोस, असंही कोणी म्हणत नाही. गावाहून मामंजींचं पत्र आलंय. दादानं ते तुला वाचून दाखवलं नाही आणि तूही मागितलं नाहीस. एक दिवस ते तू स्वतः वाचशील.

पावसाळा लागलाय. गवताच्या छपरातून थेंब पाटीवर पडतात आणि अक्षरं फुटतात. तू पुसतेस, पुन्हा काढतेस. पेन्सिलीच्या करकरीनं दातांत शिरशिरी येते. तुझं नाव आता जमतं. दादाचं जमतं. आज तुला आत्याबाईंचं लिहायचंय.

तू पेन्सिल टेकवतेस. आ. मग त. मग तुझा हात थांबतो. हे नाव नव्हे, ही तर घरातली हाक. त्यांना नावानं बोलावलेलं तू कधी ऐकलं नाहीस. मामंजी "अगं" म्हणतात, सासूबाई "वन्सं", मुलं "आजी". पाच वर्षं रोज पहाटे त्यांचा हात तुझ्या हातावर होता. बाहेर पाऊस कोसळतोय, शेजारची मुलगी मोठ्यानं पाढे म्हणतेय, आणि पाटीवरची ती दोन अक्षरं पुसावीत की ठेवावीत हे तुला कळत नाही.