स्मिथ, मेमी
(१८९१–१९४६). अमेरिकेतील कृष्णवर्णीय ब्लूज व व्हॉडव्हिल गायिका, नर्तिका आणि अभिनेत्री. माहेरचे आडनाव रॉबिन्सन. जन्म ओहायओ राज्यातील सिनसिनॅटी येथे. गाणे, नाच व विनोदी प्रवेश एकाच खेळात सादर करणाऱ्या व्हॉडव्हिलच्या फिरत्या मंडळ्यांतून तिने लहानपणीच नर्तिका म्हणून कामास आरंभ केला. १९१३ च्या सुमारास ती न्यूयॉर्कमधील हार्लेम वस्तीत आली. गायक विल्यम स्मिथ याच्याशी तिचा विवाह झाला. १९१८ मध्ये गीतकार पेरी ब्रॅडफर्ड याच्या ‘मेड इन हार्लेम’ या संगीतिकेत ती गायिली.

कृष्णवर्णीय लोक ध्वनिमुद्रिका विकत घेणार नाहीत, अशी त्या काळी कंपन्यांची समजूत होती. त्यामुळे ब्लूज हा कृष्णवर्णीयांच्या जीवनातून उपजलेला गीतप्रकार असूनही मुद्रिकांवर तो बहुधा गोऱ्या गायिकांच्याच आवाजात ऐकू येई. ब्रॅडफर्डने ओके कंपनीचे मन वळविले आणि १४ फेब्रुवारी १९२० रोजी मेमीची दोन गीते मुद्रित झाली. ती मुद्रिका खपल्यावर १० ऑगस्ट १९२० रोजी तिने कृष्णवर्णीय वादकांच्या साथीने ‘क्रेझी ब्लूज’ गायिले. कृष्णवर्णीय गायिकेने गायिलेल्या ब्लूजचे हे पहिले ध्वनिमुद्रण मानले जाते. त्याच्या हजारो प्रती अल्पावधीत खपल्या व कंपन्यांची समजूत खोटी ठरली. तथापि अशा मुद्रिका ‘रेस रेकॉर्ड्स’ या नावाने वेगळ्या काढून विकण्याची प्रथाही त्यातूनच रूढ झाली. बाजारपेठ खुली झाली, वर्णभेद मात्र टिकून राहिला. मा रेनी व बेसी स्मिथ यांची पहिली मुद्रणे १९२३ मधील होत.

मेमीचा आवाज मोकळा व स्पष्ट असून त्यावर रंगभूमीचे संस्कार होते. दक्षिणेकडील ब्लूजची आर्तता तिच्यापेक्षा रेनी व बेसी यांच्या गायनात अधिक आढळते. विख्यात सॅक्सोफोनवादक कोलमन हॉकिन्स तरुणपणी तिच्या ‘जॅझ हाउंड्स’ या वाद्यवृंदात होता. भारी पोशाख व अलंकार यांबद्दल तिची ख्याती होती. आर्थिक मंदीच्या काळात तिची लोकप्रियता ओसरली. पुढे तिने ‘पॅरडाइस इन हार्लेम’ (१९३९) आणि इतर काही चित्रपटांत कामे केली. न्यूयॉर्क येथे ती विपन्नावस्थेत मरण पावली. १९९४ मध्ये ‘क्रेझी ब्लूज’ला ग्रॅमी गौरवसूचीत स्थान मिळाले, परंतु स्टॅटन बेटावरील तिच्या थडग्यावर नावाची शिळा बसविली गेली ती २०१३ मध्ये.