दप्तर कोणाचे?

ग्रामसभेत कोणी तरी उठून विचारतो, "विहिरीच्या कामाचा हिशेब कुठे आहे?" आणि उत्तर मिळते, "दप्तर तालुक्याला गेले आहे." हा प्रश्न आणि हे उत्तर आपल्या खेड्यापाड्यांना नवे नाही. विचारणारा खाली बसतो आणि सभा पुढच्या विषयाकडे वळते. पण समजा, विचारणारे साऱ्या देशाचे कायदेमंडळ असले आणि उत्तर देणारा देशातल्या सर्वांत वरच्या अमलदारांपैकी एक असला, तर काय होते? श्रोते हो, अमेरिकेत १९८२ साली नेमके हेच घडले. ती हकीकत आज सांगायची आहे, कारण तिच्यात केवळ तिकडच्या राजकारणाचा नव्हे, तर लोकशाहीतल्या एका जुन्या वादाचा उलगडा होतो. सरकारी दप्तर कोणाच्या मालकीचे, हा तो वाद.

प्रथम पार्श्वभूमी पाहू. न्यूयॉर्क राज्यात नायगारा धबधब्याजवळ लव्ह कॅनॉल नावाचा एक अर्धवट सोडलेला कालवा होता. हुकर नावाच्या रसायन कंपनीने १९४२ ते १९५३ या काळात त्या कालव्यात सुमारे २१ हजार टन विषारी टाकाऊ माल पुरला आणि वरून माती लोटून ती जागा एका डॉलरला शाळा मंडळाच्या हवाली केली. तेथे शाळा उभी राहिली, भोवती घरे झाली. पंचवीस वर्षांनी ते विष जमिनीतून वर येऊ लागले. तळघरांत उग्र वासाचे पाणी झिरपले, मुले आजारी पडू लागली आणि १९७८ साली सरकारला शेकडो कुटुंबे तेथून हलवावी लागली. जमिनीत गाडले म्हणजे संपले, ही समजूत किती खोटी असते ते साऱ्या देशाला कळले.

मग १९८० च्या डिसेंबरात अमेरिकेच्या काँग्रेसने एक कायदा केला. काँग्रेस म्हणजे तिकडची संसद, हे सांगायला नकोच. या कायद्याने १६० कोटी डॉलरचा निधी उभारायचा ठरला. त्यातला मोठा भाग रसायन आणि तेल कंपन्यांवरच्या करातून यायचा होता. विषारी उकिरडे शोधावेत, साफ करावेत आणि ज्याने घाण केली त्याच्याकडून खर्च वसूल करावा, अशी ही योजना. तिची अंमलबजावणी १९७० साली स्थापन झालेल्या पर्यावरण संरक्षण संस्थेकडे सोपवली गेली. १९८१ मध्ये राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी या संस्थेच्या प्रमुखपदी ॲन गॉर्सच यांना नेमले. बाई कोलोराडो राज्यातल्या. धंद्याने वकील आणि त्या राज्याच्या विधिमंडळाच्या माजी सभासद. या पदावर आलेल्या त्या पहिल्याच स्त्री. सरकारी नियमांचा पसारा कमी करायचा, संस्थेचा खर्च कापायचा, हे नव्या सरकारचे धोरण होते आणि गॉर्सचबाई ते मनापासून राबवीत होत्या.

इकडे काँग्रेसच्या प्रतिनिधिगृहात कुजबुज सुरू झाली. निधी आहे, उकिरडेही आहेत, मग सफाई का रेंगाळते? कंपन्यांशी स्वस्तात तडजोडी होतात काय? कोणत्या गावची सफाई आधी आणि कोणाची नंतर, हे निवडणुकीचा हिशेब करून ठरते काय? जॉर्जियाचे सभासद एलियट लेव्हिटस आणि मिशिगनचे जॉन डिंगेल या दोघांच्या उपसमित्यांनी चौकशी हाती घेतली आणि संस्थेकडे कागद मागितले. बरेच कागद मिळाले, पण काही अडवून ठेवण्यात आले. संस्थेचे वकील कंपन्यांवर खटले कसे चालवणार, कोणत्या बाबतीत नमते घेणार, याविषयीची ती अंतर्गत टिपणे होती. लेव्हिटस यांच्या समितीने नोव्हेंबरात समन्स काढले. ३० नोव्हेंबर १९८२ रोजी रेगन यांनी गॉर्सचबाईंना लेखी हुकूम दिला की हे कागद देऊ नयेत. चालू खटल्यांची टिपणे बाहेर गेली तर प्रतिपक्ष सावध होईल, असे सरकारचे म्हणणे होते. हे म्हणणे अगदीच पोकळ होते असे नाही. फौजदार आपल्या तपासाची डायरी चावडीवर वाचून दाखवीत नसतो.

पण समितीचे म्हणणे असे की, आम्ही चावडी नव्हे. ज्या कायद्याखाली तुम्ही खटले चालवता तो आम्ही केला, पैसा आम्ही मंजूर केला. तेव्हा काम नीट होते की नाही हे कागद पाहिल्याशिवाय आम्हांला कळावे कसे? बाई समितीपुढे आल्या, पण कागद आले नाहीत. अखेर १६ डिसेंबर १९८२ रोजी प्रतिनिधिगृहाने २५९ विरुद्ध १०५ मतांनी ठराव केला की, ॲन गॉर्सच यांनी सभागृहाचा अवमान केला आहे. बाजूने मत देणाऱ्यांत खुद्द राष्ट्राध्यक्षांच्या रिपब्लिकन पक्षाचेही पन्नासहून अधिक सभासद होते. इतक्या वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्याविरुद्ध असा ठराव तोवर झालेला नव्हता.

येथे क्षणभर थांबून 'अवमान' म्हणजे काय ते पाहिले पाहिजे. साक्षीदाराला बोलावणे, कागद मागणे आणि नकार देणाऱ्याला शासन करणे हा अधिकार अमेरिकन सभागृहांनी ब्रिटिश पार्लमेंटच्या वहिवाटीवरून घेतला. १८२१ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने त्याला मान्यता दिली. १८५७ साली कायदा करून हा गुन्हा न्यायालयात चालवण्याची सोय झाली. गॉर्सच प्रकरणाच्या वेळी त्याला एक महिना ते एक वर्ष कैद आणि एक हजार डॉलरपर्यंत दंड अशी शिक्षा होती.

पण या अधिकाराला मर्यादाही आहे, आणि ती एका मजेदार प्रकरणातून ठरली. १९१६ साली न्यूयॉर्कचे सरकारी वकील स्नोडन मार्शल यांनी प्रतिनिधिगृहाच्या एका उपसमितीला अतिशय झोंबणारे पत्र लिहिले. सभागृह संतापले, त्यांना अवमानाबद्दल दोषी ठरवले आणि आपल्या अंमलदाराकरवी अटकही करवली. १९१७ साली सर्वोच्च न्यायालयाने ही अटक बेकायदा ठरवली. न्यायालयाच्या म्हणण्याचा मथितार्थ असा की, सभागृहाच्या कामात अडथळा आणला तर शासन करता येईल. नुसते मन दुखावले म्हणून नाही. मला वाटते, या साऱ्या विषयाची गुरुकिल्ली येथेच आहे. अवमानाचा अधिकार सभासदांच्या मानपानासाठी नाही. लोकांच्या वतीने जे काम करायचे ते अडू नये, यासाठी आहे.

आता पुन्हा १९८२ कडे वळू. ठराव झाला, पण खटला भरायचा कोणी? १८५७ च्या कायद्याप्रमाणे सभागृहाने प्रकरण वॉशिंग्टनच्या सरकारी वकिलाकडे पाठवायचे आणि त्याने ते ज्यूरीपुढे ठेवायचे. हा सरकारी वकील न्याय खात्याचा नोकर, आणि न्याय खाते राष्ट्राध्यक्षांच्या हाताखाली! ज्यांनी कागद देऊ नका म्हणून हुकूम दिला, त्यांच्याच माणसाने हुकूम पाळणाऱ्या बाईंवर खटला भरायचा. कुंपणानेच शेत राखायचे म्हटल्यावर दुसरे काय होणार? सरकारी वकिलाने प्रकरण ज्यूरीपुढे ठेवलेच नाही. उलट न्याय खात्यानेच प्रतिनिधिगृहावर दावा लावला. ३ फेब्रुवारी १९८३ रोजी न्यायाधीशांनी तो काढून टाकला आणि दोन्ही पक्षांनी आपसांत तोडगा काढावा असे सुचवले.

तोवर लोकमत तापले होते. मिझुरी राज्यात टाइम्स बीच नावाचे दोन हजारांवर वस्तीचे गाव होते. धूळ बसावी म्हणून तिथल्या रस्त्यांवर पूर्वी जे टाकाऊ तेल शिंपडले होते, त्यात डायॉक्सिन हे भयंकर विष निघाले. फेब्रुवारी १९८३ मध्ये सरकारने ते सबंध गाव विकत घेण्याचे जाहीर केले. त्याच महिन्यात सफाई निधीच्या प्रमुख अधिकारी रिटा लाव्हेल यांना काढण्यात आले. त्या पूर्वी ज्या कंपनीत नोकरीला होत्या, त्या कंपनीचेही टाकाऊ रसायन कॅलिफोर्नियातल्या एका विषारी खड्ड्यात गेलेले होते. मे महिन्यात प्रतिनिधिगृहाने लाव्हेलबाईंनाही ४१३ विरुद्ध शून्य मतांनी अवमानाबद्दल दोषी ठरवले. अवमानाच्या खटल्यातून त्या सुटल्या. पण पुढे शपथेवर खोटे बोलल्याबद्दल आणि चौकशीत अडथळा आणल्याबद्दल त्यांना सहा महिन्यांची शिक्षा झाली.

गॉर्सचबाईंनी ९ मार्च १९८३ रोजी राजीनामा दिला. कागद सभागृहाला पाहायला मिळाले आणि ऑगस्टमध्ये अवमानाचा ठराव मागे घेतला गेला. संस्थेचे पहिले प्रमुख विल्यम रकल्सहाउस यांना पुन्हा त्या जागी आणले. बाईंनी १९८६ साली आपले अनुभव पुस्तकरूपाने प्रसिद्ध केले. कागद अडवण्याची कल्पना मुळात आपली नव्हती, असे त्यांचे म्हणणे. हे खरे मानले तर अशा भांडणात आणखी एक गोष्ट घडते ती दिसते: हुकूम वरून येतो आणि मान खालच्याची अडकते.

हा पेच त्यानंतरही सुटलेला नाही. २०१२ साली ॲटर्नी जनरल एरिक होल्डर यांच्याविरुद्ध २५५ विरुद्ध ६७ मतांनी, आणि २०१९ साली ॲटर्नी जनरल विल्यम बार व वाणिज्यमंत्री विल्बर रॉस यांच्याविरुद्ध २३० विरुद्ध १९८ मतांनी असेच ठराव झाले. एकदा राष्ट्राध्यक्ष डेमोक्रॅटिक पक्षाचे होते, एकदा रिपब्लिकन पक्षाचे. दोन्ही वेळा न्याय खात्याने खटला भरला नाही. कुलूप सभागृहाचे आणि किल्ली दुसऱ्याच्या कनवटीला, अशी ही स्थिती.

आपल्याकडे काय आहे? आपल्या राज्यघटनेच्या १०५ व्या आणि १९४ व्या अनुच्छेदांनी संसदेला आणि राज्यांच्या विधिमंडळांना विशेषाधिकार दिले आहेत. हक्कभंग झाला तर आपली सभागृहे सरकारी वकिलाची वाट न पाहता स्वतःच शिक्षा फर्मावू शकतात. २००८ च्या मार्चमध्ये महाराष्ट्र विधानसभेने राज्याच्या निवडणूक आयुक्तांना हक्कभंगाबद्दल दोन दिवसांचा तुरुंगवास दिला होता. म्हणजे अमेरिकेत हात दुबळा पडतो, तर आपल्याकडे तो जड पडण्याचा संभव असतो. दोन्ही ठिकाणी कसोटी मात्र एकच लावली पाहिजे, मार्शल प्रकरणातली. काम अडले काय, की केवळ मान दुखावला?

शिक्षक बंधुभगिनींना एक गोष्ट सांगावीशी वाटते. नागरिकशास्त्र शिकवताना कायदेमंडळ कायदे करते, एवढेच आपण मुलांना सांगतो. केलेल्या कायद्याचे पुढे काय झाले हे विचारणे, हेही त्याचेच काम आहे, हे सांगायचे राहून जाते. २००५ चा माहिती अधिकाराचा कायदा संमत झाला तेव्हा त्याच्या आठव्या कलमात, खासगी माहितीच्या संदर्भात, एक वाक्य होते. त्याचा आशय असा की, जी माहिती संसदेला किंवा विधिमंडळाला नाकारता येत नाही, ती कोणाही व्यक्तीला नाकारता येणार नाही. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षणाच्या कायद्यात हे वाक्य गाळण्याची तरतूद झाली. ते असावे की नसावे, यावर वर्गात मुलांना जरूर बोलू द्यावे. दिल्लीतल्या सभासदाचा प्रश्न आणि ग्रामसभेतल्या शेतकऱ्याचा प्रश्न यांत कायदा किती अंतर ठेवतो, हे त्या चर्चेत मुलांना आपोआप समजेल. आणि विहिरीच्या हिशेबाविषयी विचारणाऱ्याने लगेच खाली बसू नये, हेही.