कबुतर आणि करंडी

गांधीबागेतील मंडळींना माल बांधण्याची विद्या कोणी शिकवावयास नको. कापडाची गाठ आवळावी, तिच्यावर पत्ता लिहावा आणि ती हातगाडीवर चढवावी. पुढे आपण कोठे जातो याची फिकीर गाठीला नसते. आज आम्ही ज्या मालाविषयी बोलणार आहोत, त्याला जाताना पत्ता लागतो, पण परत येताना लागत नाही. हा माल म्हणजे निरोप्या कबुतर. त्याच्या कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. त्या कथांत कबुतर सदैव उडत असते. पण जेथून ते उडाले तेथे ते पोचले कसे, हे सहसा कोणी विचारीत नाही. आम्हांला आज तेच विचारावयाचे आहे.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. टपालवाला जसा आज या गल्लीत, उद्या त्या गल्लीत जातो, तसे कबुतर जात नाही. त्याला एकच वाट येते, आणि ती स्वतःच्या ढाबळीची. म्हणून ज्या गावाहून निरोप यावयाचा, त्या गावी कबुतराला आधी माणसाने नेऊन ठेवावे लागते. प्रत्येक उड्डाणाच्या मागे असा एक मुका प्रवास असतो, आणि तो करंडीत बसून झालेला असतो.

आमच्या प्रांताला जवळचे एक उदाहरण घेऊ. इ. स. १६१७ साली जहांगीर बादशाह मांडूस मुक्काम करून होता. बगदादच्या खलिफांच्या काळी कबुतरे पत्रे नेत असत, असे त्याच्या कानी आले आणि त्याने आपल्या कबुतरबाजांना तशी कबुतरे तयार करण्याची आज्ञा केली. आपल्या आत्मवृत्तात तो लिहितो की, सकाळी मांडूहून सोडलेली कबुतरे पाऊस फार असला तरी अडीच किंवा दीड प्रहरात बुऱ्हाणपुरास पोचत. हवा स्वच्छ असली तर बहुतेक एका प्रहरात, आणि काही तर चार घटकांत. या दोन ठिकाणांमधील अंतर सरळ रेषेत सुमारे १४० किलोमीटर आहे. चार घटका म्हणजे ९६ मिनिटे. वेग ताशी ८५ किलोमीटरांच्या वर जातो. वारा पाठीशी असला तर आजच्या शर्यतीच्या कबुतरांनाही असा वेग साधतो. तेव्हा बादशाहाची ही नोंद निव्वळ फुशारकी म्हणून झटकून टाकता येत नाही.

पण या नोंदीत जे नाही तेही वाचले पाहिजे. कबुतरे बुऱ्हाणपुरास परतली, यावरून त्यांची ढाबळ बुऱ्हाणपुरास होती हे उघड आहे. म्हणजे तापीच्या काठावरून निघून, सातपुडा ओलांडून, नर्मदा उतरून, विंध्याचा चढ चढून कोणीतरी ती मांडूपर्यंत वाहून नेली होती. चार घटकांच्या उड्डाणासाठी कित्येक दिवसांची ही पायपीट. बादशाहाने उड्डाणाच्या घटका मोजल्या. वाहून नेणाऱ्यांचे दिवस मोजले नाहीत. त्याच्या पित्याच्या काळी अबुल फजलने तेवढी दखल तरी घेतली आहे. अकबराची वीस हजारांहून अधिक कबुतरे होती, आणि छावणी हलली की धट्टेकट्टे लोक त्यांची घरे वाहून नेत, असे ‘आईने अकबरी’त आहे.

आता कबुतराच्या बाजूने पाहू. ज्याने ढाबळ आणि आकाश एवढेच पाहिले, अशा पिल्लाला एकाएकी पकडून करंडीत कोंबले तर ते घाबरते, पंख आपटते, पाणी पीत नाही. तहानलेले आणि थकलेले पिल्लू परक्या रानात सोडले की वाट चुकते, किंवा ससाण्याच्या तोंडी जाते. म्हणून जाणते लोक शिक्षणाचा आरंभ रस्त्यावर करीत नाहीत, ढाबळीतच करतात. करंडीत पेंढा अंथरून ती उघडी ठेवावी. पिल्लांनी आपण होऊन आत-बाहेर करावे. मग एका संध्याकाळी थोडी पिल्ले, दाटी न करता, आत घालावी, रात्रभर तेथेच ठेवावी. बाहेर टांगलेल्या पन्हाळीतून मान काढून पाणी पिण्यास ती तेथे शिकतात. सकाळी अंगणातच करंडी उघडावी आणि दाण्याचा डबा वाजवावा. उपाशी पिल्लू थेट ढाबळीत शिरते. असे काही वेळा झाले की करंडी म्हणजे संकट नव्हे, तिच्या शेवटी घर आणि दाणा आहे, हे त्याला उमजते. मग कोसभर, पुढे दोन-चार कोस, असे अंतर वाढवीत न्यावे.

नागपुरास आगगाडी आली ती १८६७ साली. आगगाडीच्या त्या युगात विलायतेत कबुतरांच्या शर्यतीचे रूप पालटून गेले. करंड्या गाडीने दूरच्या ठेसनावर जात. तेथील नोकर कबुतरे सोडून वेळ चिठ्ठीवर लिही आणि रिकामी करंडी परत धाडी. मालक बरोबर नसे. म्हणजे तहानभूक सांभाळण्याची विद्या पिल्लाने घरीच शिकलेली असणे भाग होते. १८७०-७१ च्या वेढ्यात पॅरिसची कबुतरे विमानाने नव्हे, तर हवेच्या फुग्यांतून बाहेर नेली गेली. कडाका, धुके आणि ससाणे यांमुळे नेलेल्या शेकडो कबुतरांपैकी फारच थोडी परतली. उड्डाणाचे यश केवळ पंखांवर नसते, हे त्यावरून दिसते.

कटक १७५१ पासून १८०३ पर्यंत नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली होते; त्या कटकाशी या कथेचा अखेरचा अध्याय जोडलेला आहे. १९४६ साली लष्कराने ओरिसाच्या पोलिसांना २०० कबुतरे दिली. दुर्गम भागात जाणाऱ्या तुकड्या ती बरोबर नेत. १३ एप्रिल १९४८ रोजी पंडित नेहरूंचा संदेश संबळपुराहून कटकास कबुतराने पोचविला. पुढे १९९९ च्या महावादळात तारायंत्रे बंद पडली तेव्हाही या पाखरांचा उपयोग झाला. २००२ च्या सुमारास ही सेवा नित्याच्या कामातून निघाली. काही कबुतरे समारंभापुरती राहिली.

इतिहास उड्डाणांचा लिहिला जातो, हे स्वाभाविक आहे. उड्डाण डोळ्यांत भरते. परंतु मांडूच्या चढावर करंडी सांभाळीत जाणारा तो अनामिक माणूस, आणि त्याआधी ढाबळीत पिल्लाजवळ रात्र काढणारा दुसरा, यांच्यावाचून बादशाहाला मोजावयास एक घटकाही मिळाली नसती. त्याने पाखराला उडावयास शिकविले नाही. ते त्याला उपजतच येत होते. त्याने त्याला घरापासून दूर जाताना न घाबरण्यास शिकविले. ज्यांची मुले यंदा शिक्षणासाठी परगावी निघणार आहेत, त्यांना या शिक्षणाची किंमत आम्ही वेगळी सांगावयास नको.