बाळागोळी आणि पाळणाघर

बारामती तालुक्यातील सुपे हे गाव इतिहासाच्या पुस्तकात एका तारखेसाठी येते. १२ मे १८७५ रोजी येथील शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध दंगा केला आणि त्याचे लोण पुणे व नगर जिल्ह्यांत पसरले. कर्ज आणि बेभरवशाचा पाऊस यांमुळे दख्खनच्या अशा कोरडवाहू भागांतून अनेक कुटुंबे पुढे मुंबईच्या कापडगिरण्यांकडे गेली. बायकाही गिरणीत कामाला लागल्या. मग प्रश्न आला, तान्हे मूल दिवसभर सांभाळायचे कोणी?

गावात सासू, जाऊ, नणंद असे. चाळीत मात्र मूल शेजारच्या म्हातारीकडे किंवा सात-आठ वर्षांच्या बहिणीकडे सोपवावे लागे. ते रडू नये म्हणून त्याला 'बाळागोळी' दिली जाई. या गोळीत अफू असे. गिरणीकामगार स्त्रियांच्या १०० पैकी ९८ तान्ह्यांना अफू दिली जाते, असे डॉ. बार्न्स यांनी १९२२ साली मुंबईच्या 'लेबर गॅझेट'मध्ये नोंदवले. ही काही आपल्याकडचीच रीत नव्हती. एकोणिसाव्या शतकात लँकेशायरच्या गिरणगावांत मुले सांभाळणाऱ्या बायका 'गॉडफ्रेज कॉर्डियल' नावाचे अफूचे गोड औषध पाजत.

अफूतील मॉर्फिन मेंदूतील श्वसनकेंद्राचे काम मंद करते. मोठ्या माणसाचे यकृत मॉर्फिनचे रूपांतर करून ते लघवीवाटे बाहेर टाकण्याजोगे करते. तान्ह्याच्या यकृतात ही क्षमता अपुरी असते, म्हणून मॉर्फिन शरीरात जास्त वेळ राहते. गुंगीतले मूल भूक लागली तरी रडत नाही. त्याला दूध कमी मिळते आणि ते वाळत जाते. शिवाय सवयीने गोळीचा परिणाम घटतो आणि मात्रा वाढवावी लागते. सांभाळणाऱ्याला मात्र दिसते ते फक्त शांत झोपलेले मूल.

आईला दूषणे देऊन हे थांबणारे नव्हते, कारण तिच्यापुढे दुसरी सोय नव्हती. शाही श्रम आयोगाने १९३१ च्या अहवालात कारखान्यांत पाळणाघरे असावीत अशी शिफारस केली. १९४८ च्या कारखाना कायद्याने ५० हून अधिक स्त्रिया असलेल्या कारखान्याला पाळणाघर सक्तीचे केले. १९७६ मध्ये ही मर्यादा ३० वर आली. शेतात राबणाऱ्या बाईला मात्र या कायद्याचा उपयोग नव्हता. ऊसतोडीची टोळी फडात जाते, तेव्हा कोपीवर धाकट्या भावंडाला सांभाळायला आजही एखादी शाळकरी मुलगी मागे राहते.

अफूची गोळी मागे पडली, तरी झोप आणणारी सर्दी-खोकल्याची औषधे घरोघरी असतात. त्यांपैकी प्रोमेथाझिन दोन वर्षांखालील मुलाला देऊ नये, कारण त्यानेही श्वास मंदावू शकतो. क्लोरफेनिरामिन आणि फेनिलेफ्रिन यांचे मिश्रण चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, असे बाटलीवर छापण्याचा आदेश भारताच्या औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये दिला.

आपल्या वर्गात भावंडे सांभाळणाऱ्या मुली असतील. त्यांना चार प्रश्न विचारायला शिकवावे : औषध कोणत्या डॉक्टरांनी दिले? कशासाठी? बाटलीसोबतच्या मापाने किती? याआधी केव्हा दिले होते? शेवटचे उत्तर कागदावर लिहून ठेवायला सांगावे. आईने सकाळी पाजलेले औषध बहिणीने नकळत पुन्हा पाजले, तर मात्रा दुप्पट होते. आणि मूल नुसते रडते म्हणून बाटली उघडायची नाही, हे तर सर्वांत आधी सांगावे.