पायाखालची नक्षी : नक्षीदार फरशीच्या एका कौटुंबिक कारखान्याची शतकी वाटचाल

आपल्या ज्ञातीच्या स्मरणिकेत आजवर पूर्वजांची चरित्रे, देवस्थानांचे इतिहास व दानशूर बांधवांचे परिचय प्रसिद्ध होत आले आहेत. ते उचितच आहे. परंतु ज्या घरांत हे पूर्वज नांदले, त्या घरांच्या जमिनीकडे कोणी पाहिल्याचे स्मरत नाही. शिरपूर, चोपडे, अमळनेर, दोंडाईचे येथील जुन्या पेठांतून हिंडताना ज्या घराची बैठक अद्याप मोडलेली नाही तेथे लाल, काळ्या, पिवळ्या व हिरव्या रंगांची नक्षीदार फरशी पुष्कळदा पाहावयास मिळते. ही फरशी कोठून आली, ती कोणी घडविली, आणि तिच्या इतिहासातून आपल्यासारख्या व्यापारी व शेतकरी कुटुंबांनी काय घ्यावे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

खानदेशातील घराची मूळची जमीन मातीची. धाब्याचे घर, पुढे ओटा, आत ओसरी, आणि आठवड्यातून एकदा शेणाने सारवण, हीच सार्वत्रिक रीत होती. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, म्हणजे 1861 ते 1865 या वर्षांत, कापसाचे भाव चढले व खानदेशच्या कापसास दूरची पेठ मिळाली. पुढे रेल्वे आली, जिनिंगचे कारखाने निघाले, पेठांतून माड्या उभ्या राहिल्या. पैका आला की प्रथम दार व खांब सजतात, नंतर जमीन. शहाबादी फरशी आली, कोबा आला, आणि विसाव्या शतकात सिमेंटची नक्षीदार फरशी आली.

ही कला मूळची आपल्याकडील नव्हे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास फ्रान्सच्या दक्षिण भागात, जेथे सिमेंटचा धंदा वाढीस लागला होता, तेथे ती उदयास आली व स्पेनमार्गे जगभर पसरली. भट्टीत भाजलेली नक्षीदार फरशी इंग्लंडात निराळी होत असे. मिंटन व मॉ या तेथील प्रसिद्ध पेढ्या. भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात मिंटनच्या फरशीचा नमुना आहे. सिमेंटच्या फरशीस मात्र भट्टी लागत नाही, कोळसा लागत नाही. तिला लागतो तो चांगला साचा, सिमेंट, रंग, दाबयंत्र आणि कसलेला हात. म्हणजे परदेशातून जहाजाने आणण्याजोगी ही वस्तूच नव्हे. हे ज्यांनी ओळखले, त्यांनी तिचा कारखाना येथेच काढला.

सिधवा हे ते पारशी कुटुंब. फिरोजशा सिधवा व त्यांचे पुतणे रुस्तम सिधवा या दोघांनी 1922 साली 'भारत फ्लोअरिंग टाइल्स' ही कंपनी स्थापन केली. तो काळ ध्यानात घेतला पाहिजे. 1921 साली मुंबईत परळ येथे विलायती कपड्यांची होळी झाली होती व असहकाराचे आंदोलन शिगेस पोहोचले होते. कराचीचे लोकसेवक जमशेद नसरवानजी मेहता, जे पुढे 1933 साली त्या शहराचे पहिले निर्वाचित महापौर झाले, यांच्या विचारांचा सिधवांवर प्रभाव होता. राजकीय स्वातंत्र्यासाठी झटणारे पुष्कळ आहेत, आर्थिक स्वातंत्र्यासाठीही कोणी झटले पाहिजे, असा त्या उपदेशाचा आशय होता. विलायती कपडा जाळणे हे एका दिवसाचे काम; विलायती फरशीच्या तोडीची फरशी घडविणे हे आयुष्यभराचे काम. सिधवांनी दुसरे पत्करले. भारतात पहिली आणि जगातील उत्तमांच्या बरोबरीची, असे त्यांनी आपल्या मालाचे ध्येय ठरविले. कारखाना मुंबईसमोरच्या खाडीपलीकडे उरण येथे उभा राहिला. पुढे संस्थानिकांच्या प्रासादांपर्यंत या कंपनीच्या फरशीची कीर्ती गेली. जोधपूरचा उमेद भवन प्रासाद हे त्याचे ठळक उदाहरण.

महाराष्ट्रात हा विचार एकाकी नव्हता. तळेगावचा पैसा फंड काच कारखाना, लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 साली वसविलेली किर्लोस्करवाडी, ओगल्यांचा काच कारखाना, ही त्याच प्रवाहातील नावे. आपल्या खानदेशात फैजपूर येथे डिसेंबर 1936 मध्ये काँग्रेसचे पहिले ग्रामीण अधिवेशन भरले, तेव्हा खादी व ग्रामोद्योगांचे प्रदर्शनही भरले होते. स्वदेशी हे केवळ भाषणाचे नव्हे तर हाताच्या कौशल्याचे नाव आहे, हे त्या निमित्ताने खानदेशने प्रत्यक्ष पाहिले.

आता ही फरशी कशी घडते ते पाहू. लोखंडी चौकटीच्या तळाशी गुळगुळीत पत्रा असतो. त्यावर धातूच्या पट्ट्यांची नक्षीची जाळी ठेवतात. पांढरे सिमेंट, संगमरवराची भुकटी व खनिज रंग पाण्यात कालवून केलेला पातळ लगदा जाळीच्या एकेका कप्प्यात पळीने ओततात. लाल येथे, काळा तेथे. जाळी अलगद उचलली की रंग एकमेकांस भिडतात, पण मिसळत नाहीत. सारे कसब या उचलण्यात आहे; हात कापला की नक्षी बिघडली. नंतर वर सिमेंट व बारीक रेतीचा कोरडा थर देतात. तो रंगातील जादा पाणी शोषून घेतो. त्यावर जाड रेतीचा पाठथर घालून दाबयंत्राखाली दाबतात. फरशी बाहेर निघते तेव्हा ओली व नाजूक असते. तिला पाण्यात मुरवून, मग सावलीत अनेक दिवस ठेवून पक्की करतात. रंगाचा थर तीन-चार मिलिमीटरांचा असतो. म्हणून तो वरवर फासलेल्या रंगाप्रमाणे उडून जात नाही. पावलांनी तो झिजतो खरा, पण झिजता झिजता अधिक गुळगुळीत होतो.

या धंद्याचे अर्थकारण तिच्या वजनात दडलेले आहे. आठ इंच चौरस व सुमारे दोन सेंटिमीटर जाड अशी एक फरशी पावणेदोन किलोच्या आसपास भरते. दहा फूट रुंद व बारा फूट लांब अशा एका खोलीस 270 फरशा लागतात. म्हणजे पावणेपाचशे किलोंचे ओझे. शिरपुरास आजही रेल्वे नाही. तापीपलीकडे नरडाणा स्थानकावर उतरलेला माल नदी ओलांडून गाड्यांनी आणावा लागे. अशा मालाला वाटखर्च व फूटतूट परवडत नाही. म्हणूनच हे तंत्र रुळल्यावर देशात ठिकठिकाणी फरशीचे लहान कारखाने निघाले. एका दाबयंत्रावर व चार-दोन साच्यांवर दोघे भाऊ धंदा थाटू शकत. मोठ्या कारखान्याने नमुना घालून दिला, लहानांनी तो गावोगाव पोहोचविला.

पुढे दिवस पालटले. दुसऱ्या महायुद्धात सिमेंटवर नियंत्रण आले. स्वातंत्र्यानंतरही ते दीर्घकाळ टिकले; 1982 साली ते अंशतः व 1989 साली पूर्णतः उठले. सिमेंटसाठी परवाना मागत फिरणाऱ्या कारखानदारास नवी नक्षी कशी सुचावी? दरम्यान मोझेक लोकप्रिय झाले, मागून चिनीमातीच्या चकचकीत फरशा आल्या, आणि नंतर मोरबीच्या कारखान्यांतील मालाने बाजार व्यापला. हाताने तासातासाला मोजक्या फरशा घडविणारास यंत्राशी स्पर्धा अशक्य झाली. बहुतेक लहान कारखाने बंद पडले व त्यांचे साचे भंगारात गेले.

सिधवांची कंपनी मात्र टिकली. तिने काळाप्रमाणे इतर माल केला, परंतु आपली मूळ कला पुसून टाकली नाही. मुंबईत 1995 साली वारसा-वास्तूंच्या जतनाचे नियम झाले, जुन्या इमारतींच्या दुरुस्तीची कामे निघाली, आणि जुन्या नक्षीस पुन्हा मागणी आली. तेव्हा त्या नक्षीच्या फरशा कंपनीने पुन्हा बाजारात आणल्या. 2022 साली तिला शंभर वर्षे पूर्ण झाली. ज्या कुटुंबाने ती काढली, त्याच्याच पुढील पिढ्यांनी ती चालविली, ही गोष्ट विशेष मननीय आहे.

येथे आपल्या ज्ञातीचा प्रश्न उभा राहतो. आजोबांनी दुकान काढावे, पित्याने वाढवावे आणि नातवांनी भिंत घालून वाटून घ्यावे, हा क्रम आपल्याकडे किती घरांत घडला, हे प्रत्येकाने मनाशी मोजावे. वाटणी हा दोष नव्हे. न्याय्य वाटणी हा हक्कच आहे. 2005 च्या कायदादुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत कन्यांनाही पुत्रांइतकाच हक्क दिला आहे. परंतु घर, शेत व रोकड यांची वाटणी होते, तशी विद्येची होत नाही. साचा अर्धा कापला की दोन साचे होत नाहीत. तो दोघांच्याही निरुपयोगी होतो. काका व पुतणे यांनी मिळून धंदा काढला, हे सिधवांच्या इतिहासाचे पहिलेच वाक्य आहे. आपल्याकडे काका-पुतण्या हे शब्द एकत्र उच्चारताच बहुधा कज्जाच आठवतो! धंद्याची मालकी कोणाची आणि धंद्याचे ज्ञान कोणाकडे, हे दोन प्रश्न निराळे आहेत. पहिल्याची सोय लेखी करून ठेवावी, दुसऱ्याची सोय मुलामुलींना लहानपणापासून दुकानात व कारखान्यात बसवून करावी. वाटणीचा दिवस उगवण्यापूर्वीच जुन्या वह्या, नमुने व हत्यारे कोणाच्या स्वाधीन राहतील हे ठरवावे.

दुसरी गोष्ट तातडीची आहे. पेठेतील जुनी घरे झपाट्याने पाडली जात आहेत, आणि दारे-खांब विकत घेणारा मिळतो, पण फरशी घणाखाली जाते. जुनी फरशी पुष्कळ ठिकाणी चुन्यात बसविलेली असल्यामुळे कडेपासून छिन्नीने सांभाळून काढल्यास बरीचशी अखंड निघते. ती नव्या घराच्या देवघरात, ओट्यावर वा तुळशीभोवती बसविता येते. जेथे जमीन शाबूत आहे, तेथे तिच्यावर तेजाब कदापि ओतू नये. तेजाबाने सिमेंट व संगमरवराची भुकटी खाल्ली जाते आणि नक्षी कायमची मलूल होते. साधे पाणी व सौम्य साबण पुरे. फरशी काढणे शक्य नसेल त्यांनी पाडकामापूर्वी तिचे छायाचित्र तरी घ्यावे, तिची मापे लिहून ठेवावी, आणि फुटक्या का होईना पण एका फरशीची पाठ पाहावी; तेथे कधी कधी कारखान्याचे नाव उमटलेले असते. अशी छायाचित्रे ज्ञातीच्या कुटुंबांनी एकत्र केली, तर आपल्या पेठांच्या इतिहासाचे एक साधन सिद्ध होईल.

ज्या जमिनीवर आपल्या आज्या रांगोळी काढीत आल्या, पंगती बसल्या आणि नव्या नवरीने माप ओलांडून पहिले पाऊल टाकले, ती कोणा कारागिराच्या स्थिर हाताने घडलेली होती. ती नवी करणे सोपे आहे. ती घडविणारी विद्या एकदा गेली की परत आणणे कठीण. म्हणून घण उचलण्यापूर्वी घरातील वडीलधाऱ्यांनी व तरुणांनी क्षणभर खाली पाहावे, एवढीच समस्त ज्ञातिबांधव व भगिनींस विनंती आहे.